आमचा लिंबूपाक टकिलात कसा घालायचा

गेल्या उन्हाळ्यात लिंबूपाकाची बाटली घेताना बऱ्याच जणांनी, आवाज जरा खाली करून, एकच प्रश्न विचारला: "हा टकिलात चालेल का?" चालतो. आवाज खाली करायचं कारण नाही. काउंटरवर दर वेळी अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हा कागद. आमच्या पाकात साखर, कागदी लिंबाचा रस आणि शेंदेलोण, एवढंच असतं. दारू आम्ही विकत नाही. ती परवान्याच्या दुकानातून तुमची तुम्ही आणायची, आणि मध्य प्रदेशात त्यासाठी वय २१ पूर्ण हवं.

बाटली घेताना लेबलवर एकच गोष्ट शोधा: '१०० टक्के अगावे'. टकिला निळ्या अगावेच्या कांद्यासारख्या गाभ्यापासून होते. हे झाड तयार व्हायला साधारण ६ ते ८ वर्षं लागतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर घायपात लावतात ना, तिचंच हे भावंड. पण नियमाप्रमाणे ५१ टक्के साखर अगावेची आणि बाकीची उसाची वगैरे असली तरी बाटलीवर 'टकिला' लिहिता येतं. अशी स्वस्त बाटली घशाला जास्त लागते, असा आमचा अनुभव. टकिला मेक्सिकोच्या ठरावीक ५ राज्यांतलीच असावी लागते, त्यामुळे दख्खनच्या घायपातीपासून गाळलेल्या दारूला 'अगावे स्पिरिट' म्हणतात. तीही या कामाला छान चालते. पांढरी, म्हणजे 'ब्लांको', घ्या. पिंपात वर्षभर मुरवलेली 'अन्येहो' लिंबू-सोड्यात बुडवणं म्हणजे पैठणी नेसून अंगण सारवणं.

आता लिंबू. इथेच बहुतेकांचं बिघडतं. परदेशी व्हिडिओत 'एका लिंबाचा रस' म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात बिनबियांचं मोठं लिंबू असतं, त्यातून ३० मिलीपर्यंत रस निघतो. इंदूरच्या चोइथराम मंडीतल्या कागदी लिंबातून जेमतेम १० ते १५ मिली. वास मात्र आपल्याच लिंबाचा खरा. मेक्सिकोतलं छोटं लिंबूही याच जातीचं. म्हणून नगावर जाऊ नका, मापावर जा. पाकात लिंबू असलं तरी अर्धं ताजं लिंबू पिळायचंच, कारण पाक शिजताना आंबटपणा टिकतो पण वास उडतो. आमच्याच मालाचा उणेपणा आम्हीच सांगतो आहोत, पण खरं ते खरं. आणि साल चिरडेपर्यंत पिळू नका, कडू होतं.

माप १५ मिलीच्या मोठ्या चमच्याने घ्या. ३ चमचे टकिला, दीड चमचा लिंबूपाक, अर्ध्या कागदी लिंबाचा रस, म्हणजे साधारण अर्धा चमचा. हे सगळं फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ओता, मूठभर बर्फ टाका आणि १०-१२ सेकंद जोरात हलवा. स्टीलचा डबा नको; गारठ्याने झाकण असं घट्ट बसतं की पाहुणे वाट बघत राहतात. उंच ग्लासात नवा बर्फ भरून त्यावर गाळा आणि वरून ९० मिली गार सोडा. सोडा बरणीत घालून हलवायचा नाही, हे आम्ही एका ग्राहकाच्या छताकडे बघून शिकलो.

बर्फात कंजुषी करू नका. दोनच खडे टाकले की ते लगेच वितळतात आणि पेय पाणचट होतं. ग्लास काठोकाठ भरला तर एक खडा दुसऱ्याला गार ठेवतो. शक्यतो मोठे खडे.

ग्लासच्या काठाला मीठ लावतात ते दिसायला नव्हे, मिठाने कडवटपणा दबतो. आपण इंदूरकर, आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे: पोह्यांवर भुरभुरतो तो मसाला, जीरावण. काठाला बाहेरूनच लिंबाची फोड फिरवा, ताटलीत पसरलेल्या जीरावणात टेकवा, तेही अर्ध्याच काठाला, म्हणजे ज्याला नको त्याला दुसऱ्या बाजूने पिता येईल. बाहेरगावी लिंबाच्या सरबताला शिकंजी म्हणतात, म्हणून तिकडचे पाहुणे याला 'टकिला शिकंजी' म्हणतील. हसून सोडून द्या. सराफ्याच्या खाऊबाजारातली आपली दाट दुधाची, केशर घातलेली शिकंजी त्यांनी अजून चाखलेली नसते.

मे महिन्यात पाकाऐवजी उकडलेल्या कैरीचं घट्ट पन्हं २ चमचे घालून बघा. मग ताजं लिंबू नको. मेक्सिकोत ग्रेपफ्रूटच्या सोड्यात टकिला घालून 'पालोमा' करतात. त्याच्या जवळ जायचं असेल तर पपनसाचा रस घ्या. मात्र रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूट आणि पपनस काही औषधांचा परिणाम भलताच वाढवतात. आणि दुपारी गच्चीवर उन्हात उभं राहून लिंबं पिळू नका. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात, काळे डाग महिनाभर जात नाहीत. मालव्याच्या रात्रीचं एवढं कौतुक उगाच नाही, दिवेलागणीनंतरच बसा.

आमच्या बाटल्या बडोद्यालाही जातात, तिथे दारूबंदी आहे. त्यांच्यासाठी आणि घरातल्या न पिणाऱ्यांसाठी: टकिलाच्या जागी ३ चमचे काकडीचा रस आणि उभी चिरलेली अर्धी हिरवी मिरची, बाकी सगळं तसंच. आजीलाही हाच ग्लास द्या, जीरावणासकट.

एका माणसाला दोन ग्लास पुष्कळ झाले. गार आणि आंबटगोड असल्याने चढते ते उशिरा कळतं, म्हणून पाहुण्यांची गाडीची किल्ली आधीच काढून घ्या. सोबत भजी किंवा भुट्ट्याचा कीस असू द्या, रिकाम्या पोटी नको.

पाकाची बाटली उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि ओला चमचा आत घालू नका. तळाशी साखरेचे खडे दिसले तर बाटली कोमट पाण्यात १० मिनिटं उभी करा, विरघळतात. फेस किंवा आंबूस वास आला तर मात्र वापरू नका, बाटली घेऊन या, बदलून देऊ.