बकेटमध्ये खडी भरली की पावसात पकड वाढते? उलट सुटते

‘रिकामा लोडर ट्रॅक्टर (पुढे बकेट लावलेला) पावसात घसरतो, बकेटमध्ये थोडी खडी टाका, रस्ता धरून चालेल’ हा सल्ला मुंबईतल्या साइटांवर वर्षानुवर्षं फिरतोय. वजन वाढतं हे खरं. पण कुठे?

समजा दोन्ही आसांमधलं अंतर 2 मीटर, बकेट पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढे आणि आत 400 किलो खडी. तरफेचा साधा हिशेब: मागच्या चाकांवरचा भार 300 किलोंनी घटतो, पुढच्यांवर 700 किलोंनी वाढतो. आणि बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक असतात फक्त मागच्या चाकांना! उड्डाणपुलाच्या ओल्या उतारावर ब्रेक मारला की हलकी झालेली मागची चाकं जाम होतात आणि मागचा भाग फिरतो. मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटांवर तर विचारूच नका.

वजन लावायचंच तर मागे, थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजारं अडकवायच्या मागच्या तीन दांड्यांवर. बकेट रिकामी, रस्त्यापासून साधारण फूटभर वर, तोंड मागे कललेलं. डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगवेगळे असलेले दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले हवेत. शेतात एकच पेडल दाबून वळायची सवय रस्त्यावर नडते. खालचा गिअर उतार लागण्याआधीच टाका, मध्येच क्लच दाबला की चाकांना रोखून धरणारा इंजिनाचा अटकाव संपला. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ओल्या उतारावर चालू ठेवा, म्हणजे तो अटकाव पुढच्या चाकांनाही मिळतो. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) मात्र बंद. लावून वळायला गेलात तर ट्रॅक्टर सरळच जातो.