दंतहर्ष

दंतहर्ष : थंड, गरम, आंबट वा गोड पदार्थाने किंवा नुसत्या ब्रशच्या स्पर्शाने दातातून क्षणभर तीव्र कळ जाणे. कारण दूर होताच कळ थांबते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात याला दात शिवशिवणे म्हणतात. कळ बराच वेळ रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर दातातील मगजाला (आतल्या मऊ, मज्जातंतूयुक्त गाभ्याला) सूज आल्याचा संशय घ्यावा. अशा दुखण्याला पुढील उपचार लागू पडत नाहीत.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शीत, उष्ण व स्पर्श दातांना न सोसणे या वातजन्य विकारास दंतहर्ष हेच नाव आहे. तेलाचा गंडूष (तोंडात तेल धरणे) करणाऱ्याचे दात आंबटाने शिवशिवत नाहीत, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. दोन्ही संहितांवर वेळोवेळी संस्कार झाल्याने या उल्लेखांचा काळ निश्चित सांगणे कठीण आहे. ग्रंथोक्त दंतहर्ष व आधुनिक दंतवैद्यकातील संवेदनशीलता एकच मानावीत का, याविषयी मतभेद संभवतात. मात्र सुश्रुताने कृमिदंत (किडलेला दात) हा विकार स्वतंत्र सांगितला असल्याने ती एकच मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कळ कशी उठते, याचाही वाद जुनाच. दंतिनात (आवरणाखालच्या थरात) मगजाकडे जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांतील द्रव हलल्याने मज्जातंतू चेतवले जातात, ही कल्पना स्विस दंतवैद्य गायसी यांनी 1900 मध्ये मांडली आणि स्वीडनचे ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात प्रयोगांनी दृढ केली. शिवशिवणाऱ्या दातात उघड्या नलिका सुमारे आठपट आणि त्यांचा व्यास सुमारे दुप्पट असल्याचे 1987 मध्ये दिसून आले. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार वाढत असल्याने दुप्पट व्यासाच्या एका नलिकेतून सोळापट द्रव वाहू शकतो. म्हणूनच व्यासातील थोडी घटही रुग्णाला जाणवते. दंतिन घडवणाऱ्या पेशींत थंडी ओळखणारा टीआरपीसी5 हा प्रथिनमार्ग 2021 मध्ये उंदरांत आढळला. लवंगेतील युजेनॉल तो रोखते. त्यामुळे द्रवगतीच्या उपपत्तीला पुरवणी मिळाली. ती रद्द झालेली नाही.

उपचारांचे मार्ग दोन : नलिका बुजवणे आणि मज्जातंतू शांत करणे. स्ट्रॉन्शियम क्लोराइडची टूथपेस्ट 1961 मध्ये आली. पोटॅशियम नायट्रेटचा वापर 1974 मध्ये सुचवला गेला. 5 टक्के प्रमाणाच्या अशा पेस्टचा गुण साधारण चार ते आठ आठवड्यांनी येतो, आणि 2006 च्या एका पद्धतशीर आढाव्यात तिच्या बाजूचा पुरावा भक्कम ठरला नाही. 8 टक्के आर्जिनिन व कॅल्शियम कार्बोनेट असलेली पेस्ट किंवा स्टॅनस फ्लोराइड नलिका बुजवतात. आर्जिनिनची पेस्ट दुखऱ्या जागी बोटाने चोळल्यास आराम लवकर पडू शकतो, म्हणून प्रथम हा मार्ग अवलंबणे श्रेयस्कर. लवंगेचे तेल तात्पुरते बधिर करते. नलिका उघड्याच राहतात.

तथापि ज्या कारणाने नलिका उघड्या पडल्या, ते चालू राहिल्यास कोणतीही पेस्ट टिकाऊ गुण देत नाही. तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणी परिसरात आणि एकूण सीमाभागात ते कारण पुष्कळदा मिश्री असते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड बोटाने घासल्याने दात झिजतात, हिरड्या मागे सरतात आणि मुळे उघडी पडतात. मिश्रीने दात शिवशिवायचे थांबतात, या समजुतीने ती दिवसातून अनेकदा लावली जाते, त्यामुळे झीज वाढतच जाते. मिश्री सोडवणे हाच अशा रुग्णाचा पहिला उपचार मानला पाहिजे. ताठ केसांचा ब्रश आणि चिंच, आमसूल, लिंबू यांचा अतिरेक यांनाही हेच लागू आहे.

घरगुती उपायांनी न भागल्यास दंतवैद्य 5 टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश किंवा ग्लुटराल्डिहाइडयुक्त द्रव लावतात. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ या संस्थांची दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. खोल झीज सिमेंटने भरतात, उघड्या मुळावर हिरडीचे कलम करतात. लेसरचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. मुळाचा उपचार (रूट कॅनाल) अगदी शेवटी.