फिस्टुलाचे उपद्रव (रक्तापोहन)

रक्तापोहनात (डायलिसिस; मूत्रपिंडे निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करणे) रुग्णाचे रक्त यंत्रातून मिनिटाला सुमारे ३०० मिलि. वेगाने फिरवावे लागते. हाताची साधी नीला (रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर) एवढे रक्त देऊ शकत नाही, म्हणून ती शस्त्रक्रियेने धमनीला जोडतात. ही जोड व तिच्यामुळे रुंदावलेली नीला म्हणजे फिस्टुला. मनगटाजवळच्या फिस्टुलाचा वृत्तान्त न्यूयॉर्कहून १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ब्रेशिया व सिमिनो या चिकित्सकांच्या नावाने ओळखला जातो. जोड ज्यांनी शिवली ते शल्यविशारद ॲपेल यांचे नाव मागे पडले, ते घेणे उचित होय.

नीलेची अरुंदी हा प्रमुख उपद्रव. फिस्टुलात गुठळी होते ती बहुधा तिच्यामुळेच. मनगटाच्या फिस्टुलात अरुंदी जोडीलगतच्या नीलेत, तर कोपराजवळच्या फिस्टुलात खांद्यापाशी नीला वळून खोल जाते तिथे आढळते. कारणांविषयी एकमत नाही. नीला सोडवताना झालेली इजा काहीजण मुख्य मानतात. पण खांद्याच्या वळणाला शस्त्र लागलेलेच नसते. त्यामुळे खळबळत्या प्रवाहाने अस्तराच्या पेशी वाढतात हे मत अधिक ग्राह्य वाटते.

फिस्टुलावर ठेवलेल्या बोटांना लागणारी अखंड थरथर जाऊन नाडीसारखे ठोके लागू लागले, किंवा सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागला, तर हृदयाच्या दिशेने पुढे अरुंदी असल्याचा संशय घ्यावा. हात डोक्यावर उचलला की निरोगी फिस्टुला सपाट होतो. अरुंदी असल्यास जोडीपासून तिथपर्यंतचा भाग टम्मच राहतो. यंत्राने नियमित प्रवाह मोजल्याने फिस्टुला जास्त टिकतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. बोटांनी चाचपून तपासणी मात्र दर खेपेस, सुई टोचण्यापूर्वी व्हायलाच हवी.

त्याच त्याच जागी टोचल्याने भिंत पातळ होऊन फुगा येतो. त्यावरची त्वचा ताणून चकाकू लागली किंवा खपली धरून राहिली तर तो फुटण्याचा धोका असतो; तिथे सुई घालू नये आणि शल्यविशारदाला त्याच दिवशी दाखवावे. फुटलाच तर नेमक्या छिद्रावर बोटाने दाबून धरावे व हात उंच ठेवावा. जाड टॉवेल गुंडाळला तर तो रक्त शोषत राहतो, छिद्रावर दाब पडतच नाही.

जंतुसंसर्ग फिस्टुलात कमी, धमनी व नीला जोडणाऱ्या कृत्रिम नळीत त्याहून जास्त व कॅथेटरमध्ये (मोठ्या नीलेत बाहेरून घातलेली नळी) सर्वाधिक. गळपट्टीच्या हाडाखालच्या नीलेत कॅथेटर घातल्यास ती पुढे अरुंद होऊन सारा हात सुजतो. म्हणून मानेची उजवी नीला पसंत करतात.

फिस्टुलाने पंज्याचे रक्त पळवले तर बोटे गार पडतात, डायलिसिस चालू असताना दुखतात. मधुमेहींत, विशेषतः कोपराजवळच्या फिस्टुलानंतर, हे अधिक दिसते. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच पंजा उबदार असूनही बोटे लुळी पडून दुखू लागली, तर मज्जातंतूंचा रक्तपुरवठा तुटला असे समजून फिस्टुला ताबडतोब बंद करावा लागतो.