खेळांच्या मेळ्यात गाणारे: गे गेम्स, गायनवृंद आणि मराठवाडा

धावायला, पोहायला, कुस्ती खेळायला परदेशी जाणारा माणूस आपल्याकडे लोकांना समजतो. पण खेळांच्या महोत्सवात गायला जायचं म्हटलं की गाव तुळजापूर असो नाहीतर सेलू, पहिला प्रश्न ठरलेला: तिथं गाणाऱ्याचं काय काम? त्यात तो महोत्सव 'गे गेम्स' असला, म्हणजे समलिंगी लोकांनी सुरू केलेला आणि सगळ्यांना खुला असलेला खेळांचा मेळा असला, तर पुढचे प्रश्न विचारलेही जात नाहीत, फक्त नजरा बदलतात. ही पार्श्वभूमी त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी.

खेळ आणि गाणं यांची सोबत जुनी आहे. ग्रीसमध्ये डेल्फीला अपोलो देवाच्या नावानं पायथियन खेळ भरत. तिथं आधी होती ती गाण्याची स्पर्धा, किथारा या तंतुवाद्याच्या साथीनं देवाचं स्तोत्र गाण्याची. मैदानी खेळ त्यात आले ते इ.स.पू. 582 च्या सुमारास. 1896 मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक सुरू झालं, तेव्हा कोस्तिस पालामास यांचे शब्द आणि स्पिरिदॉन सामारास यांचं संगीत असलेलं गीत उद्घाटनाला समूहानं गायलं गेलं. 1958 मध्ये तेच ऑलिम्पिकचं अधिकृत गीत ठरलं. 1905 च्या डिसेंबरात कार्डिफला न्यूझीलंडच्या रग्बी संघानं आपला 'हाका', म्हणजे माओरी लोकांचं आव्हान देणारं नृत्य, केला, तेव्हा वेल्सच्या खेळाडूंनी उत्तरादाखल आपलं गीत सुरू केलं आणि सगळ्या प्रेक्षकांनी ते उचलून धरलं.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांनी स्वतःची रचना हजारोंच्या गायनवृंदाकडून हिटलरसमोर गाऊन घेतली. हजार गळे एका सुरात आले की अंगावर काटा येतो, आणि तो काटा सत्तेच्या कामी लावता येतो, हे तिथं दिसलं. 1998 मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकला जपानी वाद्यवृंद-संचालक सेइजी ओझावा यांनी बेथोवनच्या नवव्या सिंफनीतलं समूहगान पाच खंडांतल्या गायनवृंदांकडून एकाच वेळी गाऊन घेतलं. उपग्रहावरून येणाऱ्या आवाजाला जो उशीर होतो, तो हिशेबात धरून सगळ्यांचा ताल जुळवला होता.

पण या सगळ्या ठिकाणी गाणारे यजमानांनी निवडलेले. गे गेम्समध्ये गायनवृंद हा महोत्सवाचाच भाग असतो. धावणारा जशी नोंदणी करतो, तशीच गाणाराही करतो. हे असं का झालं, ते समजायला सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागतं.

27 नोव्हेंबर 1978 रोजी तिथले महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरसेवक हार्वे मिल्क यांचा नगरपालिकेच्या इमारतीतच गोळ्या घालून खून झाला. मिल्क आपण समलिंगी आहोत हे उघड सांगून निवडून आलेले. त्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन त्याच इमारतीकडे चालत आले. पायऱ्यांवर 'सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस' उभा होता. या वृंदाची पहिली तालीम होऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी जर्मन संगीतकार मेंडेल्सनचं एक स्तोत्र गायलं. हाच त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम. नावात 'गे' शब्द घेऊन लोकांसमोर उभं राहणं हे त्या काळी नोकरी आणि घर दोन्ही पणाला लावणं होतं.

चार वर्षांनी, 1982 मध्ये, त्याच शहरात पहिले गे गेम्स भरले. कल्पना डॉ. टॉम वॉडेल यांची. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये डेकॅथलॉन या दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धेत ते सहावे आले होते. त्यांच्या महोत्सवाला पात्रता फेरी नव्हती. वय, वेग, देश, लैंगिकता काहीही असो, यायचं आणि आपल्या परीनं उत्तम करायचं. त्यांना नाव द्यायचं होतं 'गे ऑलिम्पिक गेम्स'. उद्घाटनाला तीन आठवडेही उरले नसताना अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीनं कोर्टातून मनाई आणली आणि 'ऑलिम्पिक' हा शब्द काढून टाकावा लागला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून 1987 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल समितीच्या बाजूनं लागला. वॉडेल त्यानंतर काही दिवसांतच, जुलैमध्ये, एड्सनं गेले.

त्या दशकात या वृंदांनी जे सोसलं ते वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एकट्या वृंदातले अडीचशेहून अधिक गायक एड्सनं गेले. 1993 मधलं त्यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मूळ वृंदातले हयात असलेले मोजके पांढऱ्या कपड्यांत समोर बघताहेत. बाकी सगळे काळ्या कपड्यांत, पाठ फिरवून उभे. पाठमोरा प्रत्येक जण गेलेल्या गायकाच्या जागी उभा आहे. खेळांच्या या महोत्सवात गाण्याला इतका मान का, याचं उत्तर मला त्या पाठमोऱ्या रांगांत मिळतं. व्हँकुव्हर, न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम, सिडनी, शिकागो, कोलोन, क्लीव्हलँड, पॅरिस अशी यजमान शहरं होत गेली. कोविडनं लांबलेला महोत्सव 2023 मध्ये हाँगकाँग आणि मेक्सिकोतलं ग्वादालाहारा यांनी मिळून भरवला. 2026 चं यजमानपद स्पेनमधल्या वालेन्सियाकडे गेलं.

आता आपल्याकडे. जमून गाणं ही ठाम भूमिका असू शकते, हे मराठवाड्याला नवं नाही. 1938 मध्ये औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला. निजाम सरकारची बंदी मोडल्याबद्दल त्यांना काढून टाकण्यात आलं आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं जागा दिली. अखंड हरिनाम सप्ताह, भीमगीतांच्या गायन पार्ट्या, नांदेडचं शबद कीर्तन, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली: इथला माणूस एकट्यानं कमी आणि मेळ्यानं जास्त गातो.

आणि इथंच आहेत आराधी. तुळजाभवानीला वाहिलेली ही गाणारी मंडळी. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, पोत पेटलेला. साथीला संबळ, तुणतुणं आणि झांज. आराध्यांत बायका असतात, पुरुष असतात, आणि देवीच्या नावानं साडी नेसलेले पुरुषही असतात. सगळेच तृतीयपंथी नसतात, हे सांगायला हवं. पण ज्याला गावात दुसरी कुठलीच जागा नव्हती, त्याला या मेळ्यानं पिढ्यान् पिढ्या जागा दिली. पैठणच्या एकनाथांनी जोगवा लिहिला तो याच परंपरेचं रूप घेऊन. मला राग येतो तो याचा. नवरात्रात 'आई राजा उदो उदो' म्हणत ज्यांच्या पाया पडतात, त्यांनाच दसरा झाला की दुकानाच्या पायरीवर टेकू देत नाहीत.

आराधी गाण्यात मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती झेलतात. झील चढते, संबळ तापतो, पण सूर सगळ्यांचा एकच. भजनी मंडळाचंही तेच. विणेकऱ्याच्या सुरात टाळकऱ्यानं स्वतःला मिसळून टाकायचं. पाश्चात्त्य गायनवृंदात बहुधा चार भाग असतात, सर्वांत वरच्या आवाजापासून खर्जापर्यंत: सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. प्रत्येकाची सुरावट वेगळी. शेजारचा दुसराच सूर लावतोय आणि आपण आपला सोडायचा नाही, हे टाळकऱ्याच्या सवयीच्या नेमकं उलट. ज्यांचं लहानपण जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या चर्चमध्ये गात गेलं, त्यांना याची ओळख असू शकते. बाकीच्यांना कान नव्यानं तयार करावा लागतो. पट्टीचाही प्रश्न येतो. आपल्याकडे गाणारा पेटीवाल्याला सांगतो, काळी एक धर, नाहीतर काळी चार धर, आणि गाणं त्याच्या गळ्याप्रमाणे सरकतं. तिथं पट्टी कागदावर छापलेली असते. गळा तिच्याकडे न्यायचा.

एकेकट्यानं येणाऱ्या गायकांना मिळून एक वृंद बांधायचा, अशीही पद्धत आहे. स्वरलिपीचे कागद आणि प्रत्येक भागाचं ध्वनिमुद्रण आधी मिळतं. घरी पाठ करायचं, तिथं पोचल्यावर एकत्र तालमी, मग रंगमंच. ज्याला स्वरलिपी वाचता येत नाही त्यानं मोबाइलवर आपला भाग ऐकून पाठ करावा. शेकडो अभंग ऐकून पाठ केलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट रांगेची आहे. अशा वृंदांत कुठं उभं राहायचं हे गळ्याच्या पल्ल्यावर ठरतं. कपड्यांवर किंवा आधारवरच्या लिंगाच्या रकान्यावर ठरत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेणाऱ्या पारलिंगी पुरुषाच्या, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषाच्या, स्वरतंतूंची जाडी वाढते आणि आवाज खाली उतरतो. उलट पारलिंगी स्त्रीनं वयात येऊन आवाज फुटल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्रीचं संप्रेरक घेतलं, तर तो आवाज पुन्हा वर चढत नाही. त्यामुळे पारलिंगी स्त्री बेसमध्ये असू शकते आणि तिथं ती स्त्रीच असते. साडीतल्या आराध्याचा खर्जातला आवाज ऐकून आपल्याकडे हसतात. तिथं त्या आवाजावर अख्खा वृंद उभा राहतो.

भारतातही असे वृंद झाले. 'रेनबो व्हॉइसेस मुंबई' 2014 पासून गातो आहे. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 अजून अंगावर होतं. पॅरिसचे गे गेम्स ऑगस्ट 2018 मध्ये संपले, आणि हा गुन्हा रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 6 सप्टेंबर 2018 रोजी. म्हणजे इथून पॅरिसला जो कोणी गेला असेल तो परत आला तो ज्या कायद्यानं त्याचं प्रेम गुन्हा ठरवलं होतं, त्याच कायद्याच्या हद्दीत.

आता कायद्याची भिंत पडली, कागदांची आहे. पासपोर्टच्या अर्जात स्त्री, पुरुष यांच्यासोबत तृतीयपंथी हा पर्याय आहे, आणि 2019 च्या कायद्यानुसार ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, मेळ्यात तिसरं, असं असलं की अर्ज अडतो. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा पहिल्यांदा मागायचा तर बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे मुंबईसारखं मोठं शहर गाठणं आलं. बँकेचं स्टेटमेंट आणि उत्पन्नाचे पुरावे लागतात, आणि जोगव्यावर पोट असलेल्याकडे ते नसतात. नोंदणीचं पत्र जोडता येतं, पण त्यानं व्हिसा मिळेलच असं नाही. गे गेम्सचा महासंघ ज्यांना परवडत नाही अशांना शिष्यवृत्ती देतो. तिच्यासाठी बरंच आधी अर्ज करावा लागतो, त्यामुळे ज्याला जायचंय त्यानं गाणं पाठ करायला घेण्याआधी सगळ्या कागदांवरचं नाव एक करून घ्यावं.