न्याय्य अन्नव्यापाराचा पाठपुरावा : इंदूर

शेतमालाचा भाव, तेल-धान्याची किंमत आणि सरकारी साठ्याचे नियम आयात शुल्कातून व आंतरराष्ट्रीय करारांतून ठरतात. हे नियम पिकवणारा आणि खाणारा या दोघांच्या हक्काला धरून बदलावेत म्हणून कागदोपत्री पुराव्यानिशी केलेला सततचा प्रयत्न म्हणजे हा पाठपुरावा. त्याला आधार १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २५ व्या कलमाचा आणि आर्थिक-सामाजिक हक्कांच्या १९६६ च्या करारातील ११ व्या कलमाचा; दोन्ही कलमे अन्नाचा हक्क मान्य करतात. या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला. देशात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला.

इंदुरात हा विषय सोयाबीनच्या वाटेने येतो. सोया प्रक्रिया उद्योगाची संघटना ‘सोपा’ आणि राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था, दोन्ही याच शहरात आहेत. छावणी आणि लक्ष्मीबाईनगरच्या मंडीतला भाव मात्र मंडीत ठरत नाही. १०० किलो दाण्यातून साधारण १८ किलो तेल निघते. उरते ती बहुतांशी पेंड, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. खाद्यतेलावरील शुल्क फक्त त्या १८ किलोंना हात लावते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले, तरी त्या हंगामात सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. पेंडीला उठाव नव्हता. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात तिची जागा घेत होता. मे २०२५ मध्ये शुल्क १६.५ टक्क्यांपर्यंत खाली आणले. त्यामुळे ‘शुल्क वाढवा’ एवढीच मागणी अपुरी ठरते. पेंडीबद्दल काही न म्हणणारे निवेदन अर्धेच समजावे. मागणीलाही कमाल मर्यादा आहे: जागतिक व्यापार संघटनेत भारताने सोयातेलावर ४५ टक्क्यांपर्यंतच शुल्क लावण्याचे बांधून घेतले आहे. पामतेलावर ही मर्यादा ३०० टक्के आहे.

पुरावा मंडीच्या कागदांवर उभा राहतो. अनुबंध पत्र म्हणजे सौद्याचा कागद, तौल पर्ची म्हणजे वजनाची चिठ्ठी आणि भुगतान पत्रक म्हणजे पैसे चुकते केल्याचा कागद (कागद हिंदीत असल्याने इथल्या मराठी बोलण्यातही ही नावे तशीच राहतात) या तिन्हींवरचे वजन व भाव जुळले पाहिजेत. एकाच दिवसाचा नीचांकी भाव न देता हंगामभराच्या नोंदी आवकेच्या वजनाने सरासरी काढून द्याव्यात. सर्वांत जास्त घोळ होतो तो ओलाव्यात. हमीभावाच्या दर्जाला ओलावा १२ टक्के धरलेला असतो, तेलगिरण्या सहसा १० मागतात, आणि ऑक्टोबरचा माल त्याहून ओला येतो. १४ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल १२ टक्क्यांवर ९७.७ किलो भरतो (८६ भागिले ८८). म्हणजे ओल्या मालाचे ४,५०० रुपये हे कोरड्या हिशेबाने सुमारे ४,६०५ झाले. ही दुरुस्ती न करता केलेली तुलना समोरचा अधिकारी दोन मिनिटांत खोडतो, आणि मग खरी तूटही कोणी ऐकत नाही.

सरकार हमीभावाने खरेदी करून ठेवते त्या धान्यसाठ्याचा वाद निराळा; त्याचे गणित मंडीच्या भावावर नव्हे, हमीभावावर चालते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या कृषी करारानुसार हमीभावातून १९८६–८८ चा संदर्भभाव वजा करून उरलेल्या रकमेला उत्पादनाने गुणले की ते अनुदान. विकसनशील देशांसाठी ते पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांत राहिले पाहिजे. भारताच्या मूळ नोंदीत गव्हाचा संदर्भभाव टनाला ३,५४० रुपये, म्हणजे क्विंटलला ३५४. २०२५–२६ च्या खरेदी हंगामाचा हमीभाव २,४२५. मधली सारी महागाई कागदावर अनुदान ठरते. गुणायचे कशाने, सरकारने खरेदी केलेल्या मालाने की सगळ्या पिकाने, यावरही भांडण आहे: २०१८ मध्ये अमेरिकेने सगळे पीक आणि रुपयांतला हिशेब धरला, भारत खरेदी आणि डॉलरमधला हिशेब धरतो. २०१३ च्या बाली परिषदेने तात्पुरते ‘शांतता कलम’ दिले, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी त्यावर तक्रार नाही; भारताने ते प्रथम २०१८–१९ च्या तांदळासाठी वापरले. पण हे कलम बाली परिषदेच्या वेळी आधीपासून चालू असलेल्या योजनांनाच लागू आहे. २०२४ च्या अबू धाबी बैठकीतही कायमचा तोडगा निघाला नाही. पाठपुराव्याची मागणी इथे नेमकी असावी: संदर्भभाव अलीकडच्या वर्षांचा घ्या, किंवा महागाई वजा करा.

निवेदन कोणाकडे, हेही चुकते. मंडी समितीकडे आयात शुल्काचा अधिकार नाही. ते अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेने बदलते. जिनिव्हातील, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेतील, भूमिका वाणिज्य मंत्रालय ठरवते. भावांतराची, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतल्या फरकाची, रक्कम राज्य सरकारकडे मागायची. हमीभावाची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो, आणि खरिपाचे भाव जाहीर होतात मे-जूनच्या सुमारास. त्यानंतर पोहोचलेले निवेदन थेट पुढच्या वर्षाच्या फाइलीत जाते.