पेशींची पानगळ

'दर सात वर्षांनी शरीर पूर्ण नवं होतं' हे वाक्य कानावर पडतं, पण ते चुकीचं आहे. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी मात्र जन्माआधी तयार होतात आणि जन्मभर त्याच पुरवाव्या लागतात. तिथली प्रथिनंही बदलली जात नाहीत. वयानुसार ती गुठळतात आणि मोतीबिंदू होतो.

बदली होतात त्या पेशींचा हिशोब मोठा आहे: रोज अंदाजे ३३ हजार कोटी. एवढ्या पेशी मरूनही अंगाला सूज का येत नाही?

कारण हे मरण शिस्तीत होतं. पेशीला आतून किंवा बाहेरून मरणाचा इशारा मिळाला, की बहुतेक वेळा मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचं, बाहेरचं आवरण गळकं होतं आणि सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं. त्यामुळे कॅस्पेझ नावाची विकरं (एन्झाइम) जागी होतात. ती पेशीचा सांगाडा तोडतात आणि डीएनएचे तुकडे करणारं विकर मोकळं करतात. पेशी आक्रसते, तिचे पुडे बांधल्यासारखे तुकडे पडतात. पेशीच्या पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद बाहेर येतो. भक्षक पेशींना ती खूण पुरते. पुडे फुटायच्या आत त्या गिळतात. १९७२ मध्ये कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी या प्रक्रियेला अपॉप्टोसिस म्हटलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ.

भाजल्यावर किंवा रक्तपुरवठा तुटल्यावर हा क्रम पाळायला उसंत नसते. पेशी फुगते, फुटते, आतला ऐवज शेजारी सांडतो. मग लाली, सूज, वेदना.

शिस्त बिघडली तरी पंचाईतच. बीसीएल-२ हे प्रथिन मायटोकाँड्रियाचं आवरण गळू देत नाही. काही रक्तकर्करोगांत ते जास्त बनतं आणि मरायला हव्या त्या पेशी साचत जातात. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं हेच प्रथिन अडवतं.

तांबड्या पेशीला केंद्रक आणि मायटोकाँड्रिया दोन्ही नसतात, त्यामुळे तिची तऱ्हा वेगळी. म्हातारी झाली, की प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला वेचून घेतात. तिच्यातलं लोह वाया जात नाही. नवं हिमोग्लोबिन बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून शोषलं जातं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचं या मोडीतून येतं.

या १२० दिवसांवरच मधुमेहाची एचबीएवनसी तपासणी उभी आहे. साखर हिमोग्लोबिनला चिकटत राहते, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण तांबड्या पेशी वेळेआधीच फुटत असतील, तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही. अहवाल चांगला दिसतो, साखर मात्र वाढलेलीच असते. अशा रुग्णाच्या बाबतीत रोजच्या साखरेच्या नोंदी किंवा रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामीन तपासणी जास्त भरवशाची.