टिंकर म्हणजे नेमका कोणता? चाकूचं नाव आणि चाकूचा नंबर

‘व्हिक्टोरिनॉक्स टिंकर, लाल, उत्तम स्थितीत.’ जुन्या चाकूची अशी जाहिरात दिसली की भाव करण्याआधी एक विचारून घ्यावं लागतं: कोणता टिंकर? मिटलेला असताना ९१ मिलिमीटर भरणारा, की ८४ मिलिमीटरचा? मूठ दोन्हींची लाल, मुठीवरचा क्रूस तोच, आतली हत्यारंही तीच. फोटोत शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवलेली नसेल तर नुसतं बघून ओळखणं अवघड. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस कंपनी धाकट्याला ‘टिंकर स्मॉल’ म्हणते खरं, पण विकणारा ते ‘स्मॉल’ सोयीस्करपणे गाळतो. मोठ्याचा नंबर १.४६०३ आणि धाकट्याचा ०.४६०३. एवढा एक आकडा लिहिला असता तर विचारायची वेळच आली नसती.

अशा अनुभवांवरून चाकूच्या शौकिनांत एक समज पक्का झालाय: नाव म्हणजे जाहिरातबाजी, खरी ओळख नंबरची. माझ्या मते हा समज अर्धवट आहे. नावाने घोटाळे होतात हे खरं, पण नंबर ही सगळीकडे एकाच जातीची गोष्ट नाही. एका कंपनीत तो वस्तूचं वर्णन करतो, दुसरीत माप सांगतो, तिसरीत नुसता वहीतला अनुक्रम असतो, आणि काही ठिकाणी तर नंबरचंच नाव होऊन बसलंय. आपल्यासमोर यातला कुठला नंबर आहे, हे आधी ओळखावं लागतं.

व्हिक्टोरिनॉक्सपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडे ट्रेकला जाणाऱ्यांच्या सॅकमध्ये बहुतेक हाच सापडतो. स्पार्टनचा नंबर १.३६०३. त्यात दोन पाती, डबा फोडायचं आणि बाटलीचं टोपण काढायचं अशी दोन हत्यारं, आणि पाठीच्या बाजूला बूच काढायचा कॉर्कस्क्रू व आरी. आता क्लाइम्बर बघा: १.३७०३. स्पार्टनमध्ये कात्री वाढली. कॅम्पर १.३६१३: कात्री नाही, पण लाकूड कापायची करवत आली. हंट्समन १.३७१३: कात्रीही आहे, करवतही आहे. चारही नंबर एकाखाली एक लिहून काढले की गंमत कळते. टिंबानंतरचा दुसरा आकडा सहाचा सात झाला की कात्री. तिसरा शून्याचा एक झाला की करवत. पहिला आकडा तीन असेल तर पाठीला कॉर्कस्क्रू, चार असेल तर त्याजागी आपण ज्याला स्टार म्हणतो तो स्क्रूड्रायव्हर. म्हणून टिंकर १.४६०३, कात्रीवाला सुपर टिंकर १.४७०३ आणि करवतवाला हायकर १.४६१३.

नावांतून यातलं काय कळतं? काहीच नाही. क्लाइम्बर म्हणजे गिर्यारोहक. त्याला कात्री का आणि कॅम्परला का नको, याचं उत्तर नावात नाही. गिऱ्हाइकाने स्वतःला कोण समजावं, एवढंच ते नाव सुचवतं. ट्रेकला निघालेला माणूस ‘हायकर’ हे नाव वाचून चाकू उचलतो आणि पायाला चिकटपट्टी लावायची वेळ आली की त्यात कात्री नाही हे त्याला कळतं. नंबर वाचता आला असता तर ते दुकानातच कळलं असतं.

इथवर वाचून नंबरची बाजू घ्यावीशी वाटेल, पण जरा थांबा. याच घराण्यात कॉम्पॅक्ट नावाचा चाकू आहे, नंबर १.३४०५. त्यात कात्री आहे, मात्र दुसऱ्या आकड्याच्या जागी सात नाही. आपला सगळा हिशेब तिथे कोलमडतो. सुरुवातीच्या आकड्याचंही तसंच. ०.४६०३ बघून कुणी ठरवेल की शून्य म्हणजे ८४ मिलिमीटर. पण किल्लीच्या कडीत अडकवायचा इवलासा क्लासिक एसडी ०.६२२३ आहे आणि तो भरतो ५८ मिलिमीटर. म्हणजे हा नंबर निम्मा वाचता येतो आणि निम्मा पाठच करावा लागतो. शिवाय शेवटी शेपूट असतं. १.३६०३ लाल, १.३६०३.३ काळा, १.३६०३.टी आरपार दिसणाऱ्या लाल मुठीचा. ऑर्डर देताना शेपूट विसरलात तर हत्यारं बरोबर येतील, रंग मात्र भलताच.

आणखी एक अडचण म्हणजे हा नंबर खोक्यावर आणि कॅटलॉगमध्ये असतो, चाकूवर नसतो. काकांच्या कपाटातून निघालेला जुना लाल चाकू हातात आला तर आधी लांबी मोजायची, मग हत्यारं मोजायची, पाठीला कॉर्कस्क्रू आहे की स्टार ते बघायचं, आणि त्यावरून नंबरापर्यंत उलटं चालत जायचं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या ब्रॅडफर्ड गावची केस ही कंपनी नेमकं इथेच वेगळी पडते. तिचा नंबर पात्याच्या मुळाशी, पोलादावरच ठोकलेला असतो. समजा त्यावर ६२५४ आहे. पहिला सहा म्हणजे मूठ खाचा पाडलेल्या हाडाची. दोन म्हणजे दोन पाती. उरलेले ५४ म्हणजे घाट, ट्रॅपर नावाचा. तोच चाकू पिवळ्या कृत्रिम मुठीत ३२५४ होतो आणि सांबरशिंगाच्या मुठीत ५२५४. पुढे सीव्ही असेल तर पोलाद क्रोम-व्हॅनेडियमचं, म्हणजे पुसून ठेवलं नाही तर गंजणारं. एसएस असेल तर स्टेनलेस. दोन-चार आकड्यांत एवढी माहिती देणारा दुसरा नंबर मला तरी माहीत नाही.

गंमत अशी की जे नंबर लपवतो ते इथे नाव सांगतं. ट्रॅपरची लहान आवृत्ती मिनी ट्रॅपर, आणि तिचा नंबर ६२०७. ५४ आणि ०७ यांचं एकमेकांशी काही नातं आहे असं आकड्यांवरून कुणालाही वाटणार नाही. नावावरून मात्र थोरला-धाकटा भाऊ लगेच कळतात. केसचा आणखी एक नंबर असतो, मालाचा, जो दुकानदार ऑर्डर देताना वापरतो. एकाच घाटाच्या, एकाच मुठीच्या वस्तूचे रंग बदलले की हा बदलतो, पात्यावरचा नाही. ‘६२५४ पाठवा’ असं सांगितलं तर कुठल्या रंगाचं हाड येईल याची खात्री नाही.

ट्रॅपर हे नाव केसच्या मालकीचं नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. ट्रॅपर, स्टॉकमन, बार्लो ही सगळी घाटांची नावं आहेत. कुठलाही कारागीर त्या घाटाचा चाकू करून त्याला तेच नाव देतो. आपल्याकडे रामपुरी म्हटलं की उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावावरून पडलेलं घडीच्या, खटक्याच्या चाकूचं नाव डोळ्यांपुढे येतं, अमुक कारखाना नाही, तसंच. त्यामुळे नावं दोन प्रकारची असतात हे लक्षात ठेवलेलं बरं: सगळ्या धंद्याची सामाईक, आणि एका कंपनीची स्वतःची. ‘स्टॉकमन चांगला का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘केसचा ६३१८ चांगला का?’ याला आहे.

फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातल्या ओपिनेल या चाकू कंपनीने हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे नाव जवळजवळ नाहीच, फक्त नंबर, आणि तो माप सांगतो. १८९७ मध्ये एक ते बारा अशी मापं ठरली. पुढे एक आणि अकरा बंद झाली. नंबर मोठा तसा चाकू मोठा, इतकं सोपं. पण आठ नंबर म्हणजे आठ सेंटिमीटर पातं असं धरून चालाल तर फसाल. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, सात नंबरचं आठचं. नऊ, दहा आणि बारा मात्र इमानेइतबारे नऊ, दहा आणि बारा सेंटिमीटर. चपलेच्या नंबरासारखा हा नंबर तुलनेसाठी चांगला, पट्टी लावून तपासायचा नाही.

बक या अमेरिकन कंपनीच्या ११० ला हा नियम लावाल तर उलटंच होईल. १९६४ मध्ये आलेला हा खटकेवाला चाकू, अधिकृत नाव ‘फोल्डिंग हंटर’. त्याचा लहान भाऊ ‘रेंजर’, नंबर ११२. नंबर मोठा, चाकू छोटा. ते आकडे मापाचे नाहीतच. स्पायडरको या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचंही तसंच: सी१० म्हणजे एन्ड्युरा, सी११ म्हणजे डेलिका, आणि दोघांत डेलिका लहान. हे नंबर डिझाइनच्या क्रमाने पडत गेले. डेलिका तर नाव श्रेष्ठ की नंबर हा वाद घालणाऱ्यांसाठी पेचच आहे. १९९० पासून तिच्यात इतके बदल झाले की पहिली आणि आजची शेजारी ठेवली तर सहज वेगळ्या ओळखता येतात. तरी सी११ तोच राहिला. पिढी कुठे नोंदवली? नावात. आजची ‘डेलिका ४’. म्हणजे ज्या नंबरने काटेकोर राहावं अशी आपली अपेक्षा, तो गप्प बसला आणि काटेकोरपणा नावाने केला.

११० आता नंबर राहिलेला नाही. शौकीन ‘वन-टेन’ म्हणतात. फोल्डिंग हंटर हे नाव पेटीवरच उरलं. बेंचमेड कंपनीच्या ९४० ला ऑस्बोर्न हे नाव आहे, पण बोलताना सगळे ‘नाइन-फोर्टी’च म्हणतात. ऊस लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. को ८६०३२ या जातीला ‘नीरा’ असं छान नाव आहे, पण पश्चिम महाराष्ट्रात कुणाच्या फडात कुठला ऊस आहे विचारा, उत्तर ८६०३२ असंच येईल. ‘फुले २६५’ मधला फुलेही बोलण्यात गळतो आणि नुसता २६५ राहतो. वापरणारे खूप झाले आणि वस्तू बराच काळ टिकली की आकडाही तोंडात बसतो.

कंपन्यांना मात्र हे फारसं सोयीचं नसतं, कारण आकड्यावर मालकी सांगणं अवघड. चिपच्या धंद्यात इंटेलला हा धडा मिळाला: ‘३८६’ वरचा हक्क १९९१ मध्ये अमेरिकन कोर्टात टिकला नाही, आणि १९९३ मध्ये पुढची चिप ५८६ ऐवजी पेंटियम म्हणून आली. आकडा हक्काने राखता आला याचंही उदाहरण आहे: मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीने म्हटलं आणि १९६४ मध्ये पोर्शेला आपल्या ९०१ या गाडीचं नाव ९११ करावं लागलं. पण एरवी कंपन्यांचा ओढा नावाकडेच असतो.

मग वापरायचं काय? गप्पांत, सल्ला मागताना, चाकूची जात सांगताना नाव. पैसे मोजताना, वॉरंटीसाठी लिहिताना, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला यादी पाठवताना नंबर, शेपटासकट. जुन्या वस्तूच्या जाहिरातीत दोन्ही, आणि वर मिटलेल्या चाकूची लांबी. व्हिक्टोरिनॉक्सचा ‘सोल्जर’ असं नुसतं लिहिलं तर चंदेरी ॲल्युमिनियम मुठीचा जुना ९३ मिलिमीटरचाही निघू शकतो आणि २००८ नंतर स्विस सैन्याला मिळालेला, हिरव्या-काळ्या मुठीचा १११ मिलिमीटरचाही.

वर्ष मात्र सहसा नावातही नसतं आणि नंबरातही नसतं. केसवाल्यांनी त्यासाठी तिसरीच खूण ठेवली. १९७० मध्ये त्यांनी पात्याच्या मुळाशी कंपनीच्या नावाखाली दहा ठिपके ठोकले आणि दरवर्षी एक कमी केला. म्हणजे पाच ठिपके दिसले तर चाकू १९७५ चा. १९८० मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात, फक्त नावातल्या एस अक्षराला विजेच्या लोळासारखा कोनदार आकार दिला, म्हणजे दोन दशकांची गल्लत नको. ठिपके पात्याच्या एका बाजूला असतात आणि ६२५४ सारखा नंबर दुसऱ्या बाजूला, म्हणून विकणाऱ्याकडे पात्याच्या मुळाचे दोन फोटो मागावेत, दोन्ही बाजूंचे.